गोमंतकाचे दोन सूर आणि जॅझ

गोमंतकाच्या संगीतपरंपरेविषयी मराठीत जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ मंगेशकर, पंडित जितेंद्र अभिषेकी ही नावे प्रथम येतात, आणि ते योग्यच आहे. देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या गायनवादनाने महाराष्ट्राची ख्यालगायकी आणि मराठी रंगभूमी या दोहोंना भरभरून दिले. मात्र त्याच भूमीत संगीताचे दुसरेही एक घराणे नांदत होते. त्याचे शिक्षण इगर्जीच्या शाळेत होई, त्याचे स्वर कागदावर लिहिलेले असत आणि त्याची वाद्ये व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन अशी असत. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, ख्रिस पेरी ही या घराण्यातील काही नावे होत. मराठी रसिकाने यांपैकी अनेकांचे काम शेकडो वेळा ऐकलेले आहे. त्यांची नावे मात्र त्याच्या कानांवर क्वचितच पडली आहेत.

ही दोन घराणी गोव्यात शतकानुशतके शेजारी राहिली, पण एकमेकांच्या उंबरठ्याच्या आत फारशी गेली नाहीत. त्यांची खरी भेट झाली ती गोव्याबाहेर, मुंबईत. आणि ती घडवून आणण्यात दूरदेशीच्या एका संगीताचा, म्हणजे जॅझचा, मोठा वाटा होता. ही भेट कशी झाली, तीत कोणी काय दिले आणि कोणाला काय सोडावे लागले, याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन घराणी, एक घुमट

या दुराव्याचा प्रारंभ सोळाव्या शतकात होतो. पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळांवर हात टाकला तेव्हा अनेक दैवते नदीपार हलवण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली झुआरीच्या पलीकडे प्रियोळला गेला आणि त्या परिसराला मंगेशी हे नाव मिळाले. फोंडे महालात अशी एकामागून एक देवळे उभी राहिली. त्यांच्याभोवती कीर्तन, भजन, पालखीचे संगीत आणि कलावंतांचे गायन बहरत गेले. पुढे साडेतीन शतकांनी, १९०० साली, याच मंगेशीत दीनानाथांचा जन्म झाला.

नदीच्या अलीकडे, ख्रिस्ती झालेल्या गावांत, निराळेच संगीत रुजत होते. इगर्जीला जोडून पाठशाळा असे आणि तेथला ‘मेस्त’ म्हणजे गुरुजी मुलांना अक्षरांबरोबरच सोल्फेज शिकवी. सोल्फेज म्हणजे लिहिलेला स्वर पाहताक्षणी गळ्यातून काढण्याची विद्या. तिच्या जोडीला व्हायोलिन येई. मास गाणारी, सणासुदीला वाजवणारी ही मुले दहाबारा वर्षांची होईतो कोणताही स्वरलिखित कागद वाचू लागत. उपखंडाच्या फार थोड्या भागांत गावपातळीवर असे शिक्षण उपलब्ध होते.

या शिक्षणाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती समाजाच्या लग्नांतील देशी वाद्ये आणि परंपरागत गाणी यांवर बंदी घातली होती. गोमंतकाचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात या निर्बंधांचा तपशील नोंदवला आहे. एका हाताने नवी विद्या देताना दुसऱ्या हाताने जुनी हिसकावून घेण्याचा हा प्रकार होता.

जुने मात्र सर्वस्वी गेले नाही. मातीच्या मडक्याला चामडे ताणून केलेले घुमट हे वाद्य दोन्ही घरांत टिकून राहिले. हिंदू घरांत गणेशचतुर्थीला शामेळ आणि कांसाळ्यांच्या साथीने घुमट-आरत्या होत राहिल्या, तर साष्टीच्या ख्रिस्ती घरांत तेच घुमट व्हायोलिनच्या जोडीने मांडोला साथ करू लागले. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने निर्बंध आल्यामुळे आता ते बकऱ्याच्या चामड्याने मढवतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. दोन घराण्यांमध्ये सामाईक राहिलेली वस्तू म्हणून हा मान त्याला शोभतो.

एकोणिसाव्या शतकात साष्टीतील कुडतरी, लोटली अशा गावांच्या सुखवस्तू घरांतून फुललेला मांडो हाच मुळात एक मिलाफ होता. त्याची भाषा कोकणी, भाव विरहाचा, चाल संथ. पण तो दोन आवाजांत, एकमेकांपासून तिसऱ्या स्वराचे अंतर राखून गायिला जाई. ही दुहेरी गायनाची रीत इगर्जीतून आली होती आणि खालचा ठेका घुमटाचा होता. मांडो संपला की द्रुत लयीतील दुल्पदे सुरू होत. देखणी हा गीतप्रकार तर ख्रिस्ती समाजाने हिंदू कलावंतिणीच्या नृत्याची स्मृती जागवण्यासाठी रचलेला. म्हणजे जॅझचे नावही गोव्यात पोचले नव्हते, तेव्हाच देशी भाव आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांना एकत्र नांदवण्याचा सराव येथे झालेला होता.

पोटासाठी मुंबई

गोव्यात हे शिक्षण होते, पण त्यावर पोट भरेल असा व्यवसाय नव्हता. त्यामुळे वादक ब्रिटिश हिंदुस्थानात जाऊ लागले. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या ‘कूडी’ होत्या. एका खोलीत ट्रंकेला ट्रंक लावून राहणाऱ्या या मंडळींपैकी कोणी लष्करी बँडमध्ये, कोणी मूकपटगृहांच्या वाद्यवृंदात, कोणी मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहांत वाजवीत असे. १९३१ साली बोलपट आला आणि पडद्यापुढे बसून वाजवण्याचे काम हळूहळू संपले. परंतु स्टुडिओचे नवे दार उघडले.

याच दशकात मुंबईला खऱ्या अर्थाने जॅझ ऐकायला मिळाले. १९३५ साली लिऑन अॅबी या आफ्रिकी-अमेरिकन व्हायोलिनवादकाचे पथक ताजमहाल हॉटेलात आले. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड हिंदुस्थानातच राहिले आणि १९४५ साली कलकत्त्यात निवर्तले. त्यांच्या वादनातून गोमंतकीय वादकांना एका नव्या जगाचे दर्शन घडले. वाद्ये ओळखीची होती आणि स्वरमेळही इगर्जीतल्या स्तोत्रांमुळे कानाला परिचयाचा होता; मात्र ही मंडळी लिहिलेल्या कागदावरून दृष्टी उचलून मनाने वाजवीत होती, आणि नेमके हेच गोव्याच्या मेस्ताने शिकवलेले नव्हते.

बारदेशातील हळदोण्याचे अंतोन्यु शाव्हिएर वाझ (१९१६–१९६७) यांनी लुई आर्मस्ट्राँग यांच्या ध्वनिमुद्रिका आत्मसात केल्या आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते मुंबईच्या रात्री गाजवू लागले. त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. ही प्रशंसा होती, पण तीत एक मर्यादाही दडलेली होती. कारण अनुकरण कितीही चोख झाले तरी ते दुसऱ्याचेच असते. ही टोचणी ज्यांना जाणवली त्यांत कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड हे होते. १९४६ साली मसुरीला असताना त्यांना गांधीजींचे दर्शन घडले. त्यानंतर जॅझ वाजवायचे तर ते भारतीय वळणाने वाजवावे असा ध्यास आपल्याला लागला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. स्वदेशीचा विचार ट्रम्पेटपर्यंत पोचल्याचे हे उदाहरण आपल्या सांस्कृतिक इतिहासात मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

जॅझच दुवा का ठरले?

देवळाच्या घराण्याचे बळ उपजेत होते. बंदिशीचे दोनचार चरण हाताशी घेऊन गवई अर्धा तास राग उभा करतो. त्यातले बहुतेक सारे त्या क्षणी सुचलेले असते. इगर्जीच्या घराण्याचे बळ लेखनात होते. पन्नास वादक एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजवीत असूनही त्यांतून एक आकृती उभी राहते, ती प्रत्येकाचा वाटा आधी लिहिलेला असतो म्हणून. पहिल्यात एकट्याचे स्वातंत्र्य, दुसऱ्यात अनेकांची शिस्त. सामान्यतः या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

जॅझमध्ये त्या एकत्र नांदतात. अमेरिकेच्या दक्षिणेत, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी लष्करी बँडची पितळी वाद्ये, चर्चची स्तोत्रे आणि आपल्या पूर्वजांची लय यांतून ते घडवले. त्यात प्रथम एक लिहिलेली किंवा ठरलेली चाल सर्वजण वाजवतात. नंतर त्या चालीखालील स्वरमेळाचे चक्र फिरत राहते आणि एकेक वादक पुढे येऊन त्यावर आपली उपज मांडतो. ब्लूजमध्ये हे चक्र बारा मात्रागटांचे असते. उपज कितीही दूर गेली तरी चक्राचा आरंभ गाठावाच लागतो. आपल्याकडे आवर्तन संपून समेवर यावे तसेच हे आहे. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध झुलतो. पियानोच्या पट्टीत तो सापडत नाही. ट्रम्पेटवादक तो ओठांनी ओढून आणतो. मींड आणि श्रुती यांची सवय असलेल्या कानाला त्यात परके काही वाटत नाही.

भेदही आहेतच. जॅझमध्ये लय बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत तीच राहते, आपल्याकडे ती टप्प्याटप्प्याने वाढते. आपल्या संगीताला स्वरमेळाची गरज नाही, जॅझचा तोच पाया आहे. तरीही जो वादक कागद वाचू शकतो आणि कागदाबाहेरही जाऊ शकतो, तो दोन्ही घरांत ये-जा करण्यास पात्र ठरतो. गोव्याच्या वादकाला ही पात्रता जॅझने दिली.

‘अलबेला’ची खोली

या पात्रतेचा पहिला मोठा उपयोग करून घेतला तो एका मराठी संगीतकाराने. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र (१९१८–१९८२), हे मूळचे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांचे शिक्षण झाले होते. १९४७ च्या ‘शहनाई’पासून त्यांनी पाश्चात्त्य नृत्यलयींचा धीटपणे वापर सुरू केला आणि १९५१ साली भगवान यांच्या ‘अलबेला’त तो बहरास आला. या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट यांचा मोठा हात होता. आपल्या पथकासह ते पडद्यावरही दिसतात. पितळी वाद्यांचा झगमगाट आणि लॅटिन अमेरिकन ठेका यांच्या शेजारी त्याच चित्रपटात पिलूच्या सावलीतली शांत अंगाईही आहे. दोन्ही एकाच मनातून आलेली आहेत, हे ऐकताना कोठेही शंकास्पद वाटत नाही.

त्या काळी गाणे कसे तयार होई हे ध्यानात घेतले म्हणजे मिलाफाचे मर्म कळते. संगीतकार हार्मोनियमवर चाल म्हणून दाखवी. गोमंतकीय संयोजक ती ऐकताऐकताच पाश्चात्त्य लिपीत उतरवून घेई आणि मग व्हायोलिनांना काय, ट्रम्पेटना काय, चेलोला काय, हे स्वतंत्र कागदांवर लिहून देई. तबला, ढोलक, सतार वाजवणारी मंडळी आपापला भाग तोंडी समजून घेत. एकाच खोलीत अर्धे वादक डोळ्यांनी वाजवीत आणि अर्धे कानांनी. या दोघांमध्ये उभा राहून दोन्ही भाषा बोलणारा माणूस म्हणजे संयोजक. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतील भरघोस वाद्यमेळामागे सेबास्टियन डिसोझा यांची लेखणी होती. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातील सी. रामचंद्रांच्या ‘ईना मीना डीका’ या गाण्यात दोन शब्द तर निव्वळ कोकणी आहेत. साष्टी-बारदेशच्या घरगुती बोलीचे शब्द अशा रीतीने देशभर पोचले. आपण कोकणी गात आहोत हे गाणाऱ्यांना ठाऊक नव्हते, एवढेच.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर नृत्यगृहांची रया गेली आणि जॅझवादक अधिकाधिक संख्येने स्टुडिओंकडे वळले. चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळाला या स्थलांतराचाही हातभार लागला.

मजोर्डे आणि मंगेशी

या कथेतील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग जॅझच्या नावाने झाला नाही, पण त्याच मंडळींच्या बळावर झाला. साष्टीतील मजोर्डे गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे तेथील इगर्जीच्या गायकवृंदाच्या प्रमुखाचे पुत्र. १९४३ साली ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. चित्रपटासाठी दोनतीन मिनिटांचे तुकडे लिहून त्यांचे समाधान होईना. रागाचा विस्तार मोठ्या वाद्यवृंदातून करता यावा, अशी त्यांची आकांक्षा होती.

१९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांसह स्वतःच्या रचना सादर केल्या. सारंग रागावर आधारलेला कॉन्सर्टो आणि ‘सोनाटिना इंडियाना’ या त्यांच्या रचना याच ध्यासातल्या. या उपक्रमात गायला होत्या लता मंगेशकर आणि मन्ना डे.

हा प्रसंग क्षणभर थांबून पाहण्याजोगा आहे. मंगेशाला साष्टी सोडावी लागून तेव्हा जवळजवळ चारशे वर्षे लोटली होती. दीनानाथांची कन्या इंदूरला जन्मली, महाराष्ट्रात वाढली. मजोर्ड्याच्या गायकवृंदप्रमुखाचा मुलगा इगर्जीतली विद्या घेऊन मुंबईस आला. एकाच मातीतून निघून दोन दिशांना गेलेले दोन सूर एका प्रांगणात एकत्र आले आणि मध्ये होता सारंगासारखा राग. गोव्यात त्या वेळी पोर्तुगीज सत्ता होती. मुक्तीला अजून तीन वर्षे होती. स्वतःच्या भूमीत न घडलेली भेट परमुलखात घडली.

या उपक्रमाला पुरेसा आश्रय मिळाला नाही. १९६५ साली गोन्साल्विस यांनी चित्रपटसृष्टी सोडली आणि सिराक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. नंतर ते मजोर्ड्याला परतले आणि २०१२ साली तेथून जवळच त्यांचे निधन झाले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाजलेल्या गाण्यात त्यांचे नाव आहे. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना होती. देशाने नाव पाठ केले, पण ते एका हयात संगीतकाराचे आहे याचा पत्ता थोड्यांनाच होता.

मालकंसाची अडचण

चित्रपटगीतात मिलाफ साधला तरी तो चालीच्या आधाराने उभा होता. शुद्ध राग आणि जॅझ समोरासमोर आले की खरी कसोटी लागते. मालकंसाचे उदाहरण घेऊ. त्यात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. गंधार, धैवत, निषाद कोमल. पाश्चात्त्य पद्धतीत षड्जावर कॉर्ड बांधायची तर पंचम हवाच, आणि पंचम आला की मालकंस संपला. रागातल्याच स्वरांतून साध्या तीन स्वरांच्या कॉर्ड दोनच होतात: मध्यम-धैवत-षड्ज आणि धैवत-षड्ज-गंधार. पहिलीचा आधार मध्यम, दुसरीचा धैवत. षड्जाचा आधार कोणालाच नाही. ही कॉर्ड थोडा वेळ वाजत राहिली की कान मध्यमालाच षड्ज मानू लागतो. ज्या षड्जाच्या नात्याने राग ओळखायचा, तोच हातातून निसटतो. केवळ सतार आणि सॅक्सोफोन शेजारी बसवल्याने ही अडचण सुटत नाही.

ती काही अंशी सुटली, याला अमेरिकेतील घडामोडीही कारण झाल्या. मायल्स डेव्हिस यांनी १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये वेगाने बदलणाऱ्या कॉर्ड बाजूला ठेवून एकेका स्वरसप्तकावर दीर्घकाळ उपज करण्याचा मार्ग रूढ केला. जॉन कोल्ट्रेन भारतीय संगीताकडे इतके ओढले गेले की त्यांनी १९६१ साली ‘इंडिया’ नावाची रचना ध्वनिमुद्रित केली आणि पुढे मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले. जॅझ आपल्या बाजूने रागाच्या दिशेने सरकत होते.

१९६८ साली शंकर-जयकिशन यांची ‘रागा-जॅझ स्टाईल’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तोडी, भैरव, मालकंस, मियाँ मल्हार, भैरवी अशा अकरा रागांवरील छोट्या रचनांत उस्ताद रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, लेस्ली गोदिन्यो यांचे ड्रम, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट आणि रमाकांत यांचा तबला एकत्र आले. या तुकड्यांत रागाचा विस्तार नाही, रागाचे मुखदर्शन आहे. काटेकोर रसिकाला ते अपुरे वाटेल. तथापि चित्रपटातील प्रसंगाचा आधार न घेता या वादकांनी स्वतःसाठी वाजवलेले असे फार थोडे हाती उरले आहे, म्हणून त्याचे मोल अधिक.

गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. १९७० साली त्यांची ‘रागा रॉक’ ही ध्वनिमुद्रिका आली. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ साली मुंबईत ‘जॅझयात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि सनी रोलिन्स यांच्यासारखे श्रेष्ठ वादक मुंबईस आले. त्या वातावरणात लुई बँक्स यांचा पियानो, ब्राझ यांचा सॅक्सोफोन आणि रमामणी यांचे कर्नाटक गायन एकत्र नांदू लागले. जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विनायकराम यांच्या ‘शक्ती’ने १९७६ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत निराळा मार्ग दाखवला होता. त्यांनी पियानो आणि ड्रम बाजूला ठेवले, कॉर्डचा भार कमी केला आणि उपजेला उपजेसमोर बसवले. या सर्व प्रयोगांतून एकच सूत्र निघते. मिलाफ टिकतो तो दोन्ही बाजूंनी काही सोडले तर. रागाला आपला सावकाश विस्तार आवरता घ्यावा लागतो, जॅझला आपल्या कॉर्डचा मोह.

कोकणीचा स्वतःचा जॅझ

येथवरची कथा हिंदी चित्रपट आणि राग यांची झाली. गोव्याच्या स्वतःच्या लोकसंगीताचे काय झाले? त्याला ही नवी वाणी मिळवून दिली ती प्रामुख्याने ख्रिस्तोफर परेरा ऊर्फ ख्रिस पेरी (१९२८–२००२) यांनी. मडगावच्या बोर्डा येथील हे ट्रम्पेटवादक आणि मुंबईच्या लॉर्ना कोर्दैरो यांनी मिळून कोकणी गाण्याला जॅझचा श्वास दिला. ‘बेबदो’, ‘पिसो’ यांसारख्या गाण्यांत दारूबाज नवरा, फसलेले प्रेम, गावची थट्टा हे विषय तियात्रातल्यासारखे घरगुती आहेत, आणि वाद्यमेळ मात्र मुंबईच्या नाइट क्लबांत तावूनसुलाखून निघालेला आहे. शब्दांची लय कोकणी बोलण्याची असल्यामुळे येथे काही उसने घेतल्यासारखे वाटत नाही. फ्रँक फर्नांड यांनीही आपल्या भाषेची सेवा केली. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) या कोकणी चित्रपटांची निर्मिती त्यांनी केली.

दीर्घकाळ मौनात गेलेल्या लॉर्ना १९९५ साली गोव्यात पुन्हा रंगमंचावर आल्या. या जोडीच्या गाण्यांवर उभा असलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा बार्द्रॉय बार्रेतो यांचा चित्रपट २०१४ साली पूर्ण झाला आणि त्याला उत्कृष्ट कोकणी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नव्या पिढीला त्यामुळे प्रथमच कळले की आजीआजोबांच्या रेकॉर्डींमागे एक संपूर्ण हरवलेले जग होते.

मूळ देखणीची गोष्टही बोलकी आहे. नदीपलीकडे लग्नाला जाणाऱ्या कलावंतिणीची एक प्रसिद्ध देखणी राज कपूर यांच्या ‘बॉबी’त (१९७३) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी हिंदी वेषात आणली. मजोर्ड्याच्या गुरूचा शिष्य, साष्टी-फोंड्याच्या सीमेवरचे गाणे आणि मुंबईचा स्टुडिओ असा हा योग होता. श्रोत्यांनी ते उचलून धरले. ते कोठून आले याची चौकशी मात्र फारशी झाली नाही.

नावांचा हिशेब

ध्वनिमुद्रिकेच्या गोल कागदावर चित्रपट, गायक आणि संगीतकार यांची नावे असत. संयोजकाचे नाव क्वचित, वादकाचे त्याहून क्वचित. ध्वनिमुद्रण संपले की लिहिलेले स्वरकागद जपून ठेवण्याचीही रीत नव्हती. ज्यांच्या विद्येचा गाभाच लेखन होता, त्यांचेच लेखन नाहीसे झाले, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. देवळाच्या घराण्याची विद्या तोंडी असूनही टिकली, कारण गुरूचे नाव घेतल्याखेरीज शिष्य गायला बसत नसे. इगर्जीच्या घराण्याच्या वादकाचे काम घरोघर वाजत राहिले आणि नाव मागे पडले.

याची भरपाई करण्याचे मोलाचे प्रयत्न झाले आहेत. ग्रेगरी बूथ यांनी वयोवृद्ध वादकांच्या मुलाखती घेऊन मुंबईच्या स्टुडिओंवरील आपला ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध केला. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास लिहिला. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. सी. रामचंद्रांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र मराठी वाचकाच्या हाती आहे. परंतु त्यांच्या खोलीत कागद घेऊन बसणाऱ्यांची चरित्रे मराठीने अजून लिहावयाची आहेत.

हे काम ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. गावोगावच्या इगर्जींच्या माळ्यांवर आणि निवृत्त वादकांच्या पेट्यांतून जुन्या स्वरवह्या, पथकांची छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका आजही असण्याचा संभव आहे. कीर्तनाच्या वह्या आणि नाटकांची पदे ज्या आस्थेने मराठी ग्रंथालयांनी जतन केली, तीच आस्था या कागदांच्याही वाट्याला यावी. १९५८ साली एका प्रांगणात जवळ आलेल्या या दोन सुरांना एका कपाटात शेजारी ठेवणे शंभर वर्षांच्या ग्रंथालयाला अवघड नाही. त्यासाठी आरंभी एक वही पुरेल. ओळखीच्या गाण्यांपुढे त्यांच्या वादकांची आणि संयोजकांची नावे, जी जी मिळतील ती, तीत लिहीत जावी.